तीन हृदयांचा कौल

डॉ. सुलभा चिंदरकर यांना मी प्रथम पाहिलं ते मुलाखतीच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे. मालवणच्या खाडीकाठी नव्याने उभ्या राहत असलेल्या सूक्ष्मदर्शक केंद्रात तंत्रज्ञाची एक जागा निघाली होती. जिल्ह्यातली महाविद्यालयं, आंबा-काजूवर काम करणारे संशोधक, समुद्रजीवांचे अभ्यासक अशा सर्वांनी मिळून वापरायचं हे केंद्र. एकेकट्या संस्थेला न परवडणारी यंत्रं एका छपराखाली ठेवावीत आणि रांगेने वापरावीत ही मूळ कल्पना बाईंची. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतून निवृत्त होऊन त्या नुकत्याच गावी परतल्या होत्या. मी बांद्याजवळच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला. पुढे पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरी शोधत होतो.

समितीतल्या इतरांनी भिंगांची सूत्रं विचारली. मी अडखळत उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, “सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा काय पाहिलंत?”

“कांद्याचा पापुद्रा. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. मुलांची रांग व्हरांड्यापर्यंत गेली होती.”

“आणि काय वाटलं?”

“गाभाऱ्यात डोकावल्यासारखं,” मी म्हणालो.

एक सदस्य हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही रांगच असणार आहे. ढकलाढकली सांभाळाल ना?”

पहिल्या दिवशी मी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं. त्यांनी मान वर केली. “मॅडम मुंबयत रवली रे. हय माका बाई म्हण.” तेव्हापासून केंद्रातल्या लहानथोर सर्वांच्या त्या बाई झाल्या.

बाईंचं संशोधन हृदयाच्या पहिल्या ठोक्यावर आहे. त्यांचे शोधनिबंध समजावून सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यांनी मला त्यांचा प्रश्न ज्या शब्दांत सांगितला तो सांगू शकतो. “गर्भात एक दिवस असा असतो की हृदयाच्या जागी नुसत्या पेशी असतात, गप्प. दुसऱ्या दिवशी बघावं तर ठोके पडतायत. मधे काय झालं? कोणती पेशी आधी हलली? तिला कोणी सांगितलं?” माशांचे, शिंपल्यांचे, गोगलगायींचे गर्भ त्यांनी आयुष्यभर पाहिले. ठोक्याआधीची चित्रं त्यांच्याकडे होती, नंतरचीही होती. मधला क्षण मात्र नव्हता. जुन्या सूक्ष्मदर्शकांचा प्रकाश इतका प्रखर असतो की सतत पाहत राहिलं तर गर्भ मरतो आणि जगवायचा तर दिवा बंद करावा लागतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे. “त्याने पडदा ओढून घेतलाय, दुसरं काय,” असं म्हणून त्या कामाला लागत. ‘त्याने’ म्हणजे कोणी, हे मी कधी विचारलं नाही. रोज घरून निघताना मी देवापुढे हात जोडतो. बाई प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढतात. धुळीसाठी, असं त्या सांगतात.

केंद्रातल्या रांगेबाबत त्या फार कडक. एकदा बाहेरच्या एका नामवंत संस्थेतले प्राध्यापक ऐनवेळी आले. त्यांना त्याच दिवशी यंत्र हवं होतं आणि यंत्रावर वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयातल्या दोन मुली काजूच्या मोहोराचे काप पाहत बसल्या होत्या. मुली घाबरून उठू लागल्या. बाईंनी त्यांना हातानेच बसा म्हणून खुणावलं आणि प्राध्यापकांना बाहेरच्या बाकावर नेऊन स्वतः चहा आणून दिला. चहानंतर सोलकढी, सोलकढीनंतर खाडीवरच्या पक्ष्यांची माहिती. मुलींचं काम संपेपर्यंत प्राध्यापक बाकावरच होते. जाताना ते म्हणाले, “इतक्या सन्मानाने मला कोणी थांबवलं नव्हतं.”

घरच्या माणसासारखा त्यांचा जिव्हाळा मी अनुभवला आहे. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती भीतीने खाटेवरून उठेना. बाई न सांगता आमच्या घरी आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “वयनी, भियाचा काय त्यात? जुनी काच धुरकटली, ती काढून नवी घालतले.”

आई म्हणाली, “म्हंजे माजो झिल थंय दिवसभर पुसता ती हीच काच?”

“व्हय गो. तुका दिसाक लागला की बघ, तो बरी पुसता की नाय.”

आई हसली आणि उठली. पट्टी सुटली तेव्हा बाई समोर होत्या. आईने त्यांना निरखून पाहिलं आणि म्हणाली, “अगो, तुमी तर माज्यासारक्याच म्हाताऱ्या!” हा किस्सा बाई पाहुण्यांना स्वतः सांगतात.

मात्र बाईंचं मोठेपण मला पुरतं कळलं ते लाइट-शीट सूक्ष्मदर्शक निवडताना. तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो.

नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात सगळा नमुना उजेडात न्हाऊन निघतो. पाहायचा असतो त्यातला एकच थर. लाइट-शीट यंत्रात प्रकाश कडेने येतो, कागदाच्या पानासारखा पातळ होऊन. छपराच्या नळ्यांच्या फटीतून कवडसा आला की अंधाऱ्या माजघरातले धुळीचे कण फक्त त्या पट्ट्यात चमकतात, बाकी खोली काळोखी राहते, तसंच. जेवढं पाहायचं तेवढंच उजळतं आणि उरलेल्या जिवाला प्रकाशाचा त्रास होत नाही. असं यंत्र घेण्याची मंजुरी आमच्या केंद्राला मिळाली. एकच यंत्र घेता येणार होतं आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना त्यावरच काम करायचं होतं.

निवड दोन यंत्रांवर येऊन थांबली. केंद्रात आम्ही त्यांना टोपणनावं दिली होती. पहिला ‘पाळणा’. यात गर्भ मऊ जेलीत बसवून काचेच्या बारीक नळीतून पाण्याच्या डबीत टांगतात आणि गोल फिरवून सगळीकडून पाहतात. चित्र अतिशय स्वच्छ. दुसरी ‘वाटी’. यात नमुना लहानशा वाटीत, त्याच्या स्वतःच्या पाण्यात नुसता ठेवायचा. प्रकाश तिरका येतो. चित्र किंचित पुसट.

समितीतले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. प्रभू पाळण्याच्या बाजूचे. हुशार, तडफदार माणूस आणि बाईंवर अपार भक्ती. बागायतीवाल्यांना वाटी हवी होती, कारण आंब्याचा मोहोर जेलीत टांगायचा कसा? बाई स्वतः काही बोलत नव्हत्या, पण त्यांचं मन पाळण्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंच्याहत्तरी जवळ आली होती. हृदय इतकं स्वच्छ दाखवणारं यंत्र त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा दाराशी येणार नव्हतं.

या निवडीवर आणखी एका व्यक्तीचं सगळं अवलंबून होतं. बाईंची विद्यार्थिनी गौरी माकलाच्या गर्भावर पीएच.डी. करत होती. माकुल, म्हणजे ताटात येणारा तोच मऊ, बिनकाट्याचा जीव, त्याला तीन हृदयं असतात. ती तिन्ही एकमेकांशी ताल कसा जुळवतात, हा गौरीचा विषय. त्यासाठी एकच गर्भ अनेक दिवस जिवंत ठेवून पाहायला हवा होता. तिच्या शिष्यवृत्तीचा हा शेवटचा हंगाम होता. जेलीत गर्भ फार दिवस टिकणार नाही असं तिला वाटत होतं, पण टाकीतलं पाणी बदलताना ती मला हळूच म्हणाली, “काका, बाईंका पाळणोच होयो. मी मधी कशी बोलू?”

बैठकीत चर्चा पुढे सरकेना. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली. मला राहवलं नाही. “आमच्या गावात असं अडलं की देवाला कौल लावतात,” मी म्हणालो.

डॉ. प्रभू हसून म्हणाले, “मग खरेदी समितीत गुरवाला घेऊया की!”

बाई गंभीर होत्या. “प्रभू, हसू नका. कौल लावताना गावकरी काय करतात ते कधी नीट पाहिलंत? गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या लावतो. पण त्याआधी प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारला जातो. उजवी पडली तर काय आणि डावी पडली तर काय, ते आधीच बोललं जातं. आणि एकदा पाकळी पडली की कोणी कुरकुर करत नाही. आपल्या किती प्रयोगांत एवढी शिस्त असते?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “कौल लावू. पण ज्याच्यावर उजेड टाकायचा, त्यालाच विचारू.”

त्यांनी उठून फळ्यावर लिहिलं. माकलाच्या अंड्यांच्या एकाच घोसाचे तीन भाग करायचे. एक भाग पाळण्यात पाहायचा, एक वाटीत आणि एक टाकीतच ठेवायचा, त्याच्यावर कोणीच उजेड टाकायचा नाही. नंतर सगळी अंडी उबू द्यायची. कधीच न पाहिलेल्या पिल्लांसारखी जी पिल्लं पोहतील, त्यांचं यंत्र घ्यायचं. दोन्हीकडची सारखीच पोहली तर पाळणा घ्यायचा, कारण त्याचं चित्र सरस. सर्वांनी मान्य केलं. बाईंनी खाली सही केली आणि खडू प्रभूंच्या हातात दिला.

दोन्ही कंपन्यांनी प्रात्यक्षिकाची यंत्रं एकाच आठवड्यात मालवणला आणावीत असा बाईंचा आग्रह होता. कंपनीचे इंजिनीअर आपापले नमुने घेऊन आले होते, परदेशी माशांचे तयार गर्भ, हमखास सुंदर दिसणारे. बाई त्यांना म्हणाल्या, “ते परत न्या. आमच्या दर्यातला दाखवा.”

अंडी आणली बाबी तांडेलांनी. तारकर्लीला त्यांची होडी असते. दोरखंडाला चिकटलेला पांढऱ्या बोटांसारखा घोस बादलीत घालून ते दारात उभे राहिले.

“बाईनू, आमी हेंका तळतंव आणि तुमी हेंचे फोटो काढतास. दोगांत बरा कोण, ता हेंकाच इचारूक होया!”

“तोच तर कौल लावलेलो आसा, बाबी,” बाई म्हणाल्या. “फोटो काढून पण मरतत काय, ता बघूचा आसा.”

“आमी निदान मीठमसालो तरी लावतंव,” असं म्हणून बाबी बादली ठेवून गेले. इंजिनीअरना काही कळलं नाही, पण तेही हसले.

पाळण्यात पहिला गर्भ टांगला त्या सकाळचं वर्णन करायला माझे शब्द अपुरे आहेत. खोलीत अंधार होता. पडद्यावर आधी दोन मोठे काळे डोळे आले. मग प्रकाशाचं पान आत सरकलं आणि काचेसारख्या त्या अंगात तीन हृदयं दिसली. दोन कडेला, एक मधे. माकलाचं रक्त आपल्यासारखं तांबडं नसतं. त्यामुळे सगळं स्वच्छ पाण्यासारखं, आणि त्या पाण्यात तीन ठिकाणी उघडझाप. पेशी नि पेशी वेगळी दिसत होती. तांदळाच्या दाण्याहून लहान जीव, आणि त्याच्यात हे एवढं चालू होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी पाहिलं तर बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. आरती सुरू झाल्यावर माणूस उठतो तशा.

बऱ्याच वेळाने डॉ. प्रभू म्हणाले, “बाई, आता कौल कशाला? हे यंत्र देवानेच पाठवलंय.”

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. “अंडी टाकीत सोडा,” त्या म्हणाल्या. “ठरलंय ते ठरलंय.”

वाटीतलं चित्र आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. तीन हृदयं दिसली, पण चष्मा न लावता पाहिल्यासारखी. कोणी उभं राहिलं नाही.

पुढचे दिवस वाट पाहण्याचे होते. गौरी तीनही टाक्यांपाशी बसून असे. बाई रोज येत, कोणत्याच टाकीपाशी जास्त वेळ थांबत नसत. देवापुढे हात जोडताना मीही काही मागितलं नाही. काय मागावं ते कळत नव्हतं. गौरीसाठी मागावं तर ते बाईंच्या विरुद्ध जात होतं.

पाळण्यातली पिल्लं आधी बाहेर आली, वेळेआधीच. त्यांच्या अंगाला अजून बलक चिकटलेला होता. काही थोडी गोल फिरली आणि तळाला जाऊन पडली. त्यानंतर एका सकाळी न पाहिलेल्या टाकीत पिल्लं बाहेर आली आणि त्याच सकाळी वाटीच्या टाकीतही. दोन्हीकडची सारखीच मागे उसळत पोहत होती. पाण्यात बोट नेलं की शाईचा बारीक ठिपका सोडून पसार होत होती. टाक्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या असत्या तर कोणती कोणाची, मला सांगता आलं नसतं.

गौरी मान खाली घालून उभी होती. डॉ. प्रभूंचा चेहरा उतरला. “बाई, जेली आणखी पातळ करता येईल,” ते म्हणाले. “पद्धत सुधारली तर पाळण्यातही जगतील. एकदा पुन्हा करून पाहू.”

“आपल्याला हवी ती पाकळी पडेपर्यंत कौल लावत बसलो, तर त्याला कौल म्हणायचं का?” बाई शांतपणे म्हणाल्या.

“पण तुम्ही आयुष्यभर हेच शोधत होतात. इतकं स्वच्छ पुन्हा नाही दिसणार.”

बाई तळाशी पडलेल्या पिल्लांकडे पाहत होत्या. बोलल्या त्या मालवणीत, जणू प्रभूंशी नव्हेच. “माका दिसला रे. बस झाला. आता ह्येंका जगांदेत.”

फळ्यावरच्या सह्यांखाली ‘वाटी’ हा शब्द डॉ. प्रभूंनीच लिहिला. बाईंनी गौरीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “तुका हा आधीच म्हायत होता मा?” गौरीने मान हलवली. “मगे बोलाक नाय ता?” बाई रागावल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी गौरीला समोर बसवून सांगितलं की गुरूला काय आवडेल याचा विचार करून प्रयोग करणाऱ्या मुलीला त्या विद्यार्थिनी म्हणणार नाहीत. त्यानंतर गौरी बाईंशी वाद घालू लागली. आता कधीकधी जरा जास्तच घालते.

वाटी आली, बसवली गेली. आज तिच्यावर आंब्याच्या मोहोरापासून माशांच्या अंड्यांपर्यंत सगळ्यांची रांग असते. गौरीचं काम त्याच हंगामात सुरू झालं. ठोके सुरू होण्याआधीचा एक गर्भ तिने वाटीत ठेवला आणि कवडशाचं पान थोड्या थोड्या वेळाने त्याच्यावरून फिरू दिलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. गर्भ जगत होता, वाढत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बाईंना फोन केला. “बाई, येतास? लवकर या.”

मी दार उघडून धरलं होतं. बाईंनी चपला बाहेर काढल्या आणि अंधारात पडद्यासमोर येऊन बसल्या. चित्र पुसट होतं. हृदयाच्या जागी पेशींची एक फिकट पट्टी होती, गप्प. आम्ही तिघं पाहत राहिलो. मग तिच्या एका टोकाला काहीतरी हललं. वाऱ्याने पान हलावं इतकंच. पुन्हा सगळं स्थिर.

“थांबला?” बाईंनी अगदी हळू विचारलं.

“नाय, बाई,” गौरी कुजबुजली. “इचार करता.”

आणि ते पुन्हा हललं. मग आणखी एकदा. मग हलत राहिलं.

बाईंना त्यांचा मधला क्षण दिसला. पाळण्यात तो दिसला नसता, कारण पाळण्यातला जीव तिथवर पोहोचलाच नसता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ती वेळ त्यांची होती. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, “गो गौरी, आता दिवो बंद कर. त्येका रवांदे.”

दिवा बंद झाल्यावरही आम्ही तिथेच बसून होतो. अंधारात वाटीत काही दिसत नव्हतं. पण ते चालू होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या अशा गौरवग्रंथात शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. मला भारदस्त शब्दांत ते जमणार नाही. आमच्याकडे मोठ्या कार्याच्या वेळी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तसं मी इथे घालतो. वाचणाऱ्यांनी आपापल्या जागी, मनातल्या मनात साथ द्यावी.

बा देवा म्हाराजा! आज ही तुजी सगळी लेकरा बाईंसाठी एक झाली आसत. त्येंची नजर आसा तशीच शाबूत ऱ्हवांदे म्हाराजा! त्येंच्या पायांत बळ ऱ्हवांदे, रोज चपलो काढून त्या खोलयेत जाऊक मिळांदे म्हाराजा! तू ह्या दर्यातल्या इवल्याशा जीवाक तीन काळजा दिलंस आणि आमच्या बाईंका एकच. ता एकच काळीज पंच्याहत्तर वर्सा आमच्या सगळ्यांसाठी चलता आसा. तसाच चलत ऱ्हवांदे म्हाराजा!

व्हय म्हाराजा.